अर्धा सोडलेला ताल

९ जून

सकाळपासून भिंतीपलीकडे ठोकाठोक. म्हणजे बशीर मास्तर घरी आहेत. त्यांची तालमीची खोली आणि आमची न्हाणी यांची भिंत एकच, त्यामुळे मी दातसुद्धा त्यांच्या तालात घासतो. सत्तरीचा माणूस, पण दंड अजून बैलाच्या खांद्यासारखे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवायचे, गोव्याच्या वादकांबरोबर. हॉटेलांनी बँड काढून टाकले तेव्हा परत आले आणि बापाचं लग्नाचं पथक चालवायला घेतलं. हा माणूस चुकून धामणगावात जन्मला आणि मुद्दाम परत आला, असं सुमनला म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही अकोल्याहून काय वेगळ्या रस्त्यानं आलात? निवृत्त सहसंपादकाला बायकोनं असं विचारू नये.

आज आवाज नवीन आहे. ट्रॅक्टरच्या नांगराचं गोल पातं, आपल्याकडे ज्याला तवा म्हणतात, ते दोरीनं टांगून त्यावर काडी मारताहेत. झांजेपेक्षा लांब घुमतं. दुपारची झोप गेली.

निवृत्तीनंतरही पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवतो. आजचा मजकूर चारला गेला. मोताळा स्टँडवर प्यायला पाणी नाही. तिसऱ्यांदा लिहिलं.

११ जून

प्रभाकर आला. चुलतभाऊ, पण बोलतो सख्ख्यासारखा, विशेषतः काम असलं की. बाजारगल्लीत त्याचं कृषी केंद्र, वर घर. बीटी कपाशी आल्यापासून चार वर्षांत त्याच्या घरावर आणखी एक मजला चढला. ज्या वाणाला मागणी, ते पाकीट सुटं देत नाही. सोबत दोन बाटल्या औषध आणि कुठलंतरी खत घ्यावंच लागतं. सगळेच विक्रेते असं करतात, असं त्याचं म्हणणं. खरं आहे.

उद्या कंपनीची मिरवणूक. पेपरात चांगली जागा पाहिजे. कंपनीची अर्ध्या पानाची जाहिरात आहे, हे त्यानं बोलण्याच्या शेवटी सांगितलं, म्हणजे तेच सांगायला आला होता.

बँड मास्तरांचा. मी म्हटलं, दुसरा कोणी नाही मिळाला? मास्तरांची अट त्यानं मान्य केली आहे. ही अट अख्ख्या तालुक्याला माहीत: मातंग वस्तीतला नामदेव आणि त्याचे डफडेवाले पथकाच्या पुढे, लांब, फाटक्या कपड्यांत चालणार नाहीत. तोच लाल कोट, तीच सोनेरी फीत, एकाच ओळीत. आणि लग्न असेल तर त्याच पंगतीत ताट. ताट वेगळं दिसलं की मास्तर काड्या म्यानात घालतात आणि नवरदेव घोड्यावर तसाच. या पायी लग्नघरांत किती भांडणं झाली याला गणती नाही. मी दोन-तीनदा या विषयावर चिमटे काढले आहेत. सुधारणा जेवणाच्या वेळीच का आठवते, असे.

प्रभाकर म्हणाला, मिरवणुकीत पंगत कुठं असते दादा, आपलं काय जातं.

१२ जून

मिरवणूक झाली. जे झालं ते पेपरात जाणार नाही, म्हणून इथे.

पुढे कंपनीची जीप, वर थर्माकोलचं कापसाचं बोंड, बैलाएवढं. मागे घोड्यावर गेल्या वर्षीचा विक्रमी शेतकरी, फेटा बांधून, पडण्याच्या भीतीनं घोड्याची आयाळ धरून. त्याच्या मागे पथक. मास्तरांचे ढोल-ताशे आणि तो तवा, सगळं भाजीच्या हातगाडीवर बांधलेलं. मास्तर मागून चालत वाजवतात आणि गाडी दोघं ओढतात. मारुतीच्या वळणावरून बाजारगल्लीत येईपर्यंत सिनेमाची गाणी. पोरं नाचत होती.

दुकानासमोर मास्तरांनी हात वर केला. पिपाण्या गप्प. आणि नामदेवानं डफड्यावर मयतीचा ताल उचलला.

गावात जन्मलेल्या माणसाला हा ताल शिकवावा लागत नाही. टोप्या खाली आल्या. बाया दारात सरल्या. घोड्यावरच्या विक्रमी माणसानं आयाळ सोडून हात जोडले. आणि बाजारगल्लीत तिरडी येताना जे करतात ते सगळ्या दुकानदारांनी केलं, शटर अर्धं ओढलं. एकामागे एक, खर्र खर्र. प्रभाकरचा नोकर किसना आतून धावत आला आणि त्यानंही ओढलं. मालक बाहेर हार घेऊन उभा, दुकान मयतीला अर्धं बंद. प्रभाकर ओरडला तेव्हा किसना खरोखर गोंधळला, कोण गेलं शेठ, असं विचारलं.

मास्तर त्या तालात शिरले. एरवी बँडात मोठा ढोल लय सांभाळतो. त्यांनी ते काम तव्यावर टाकलं आहे, त्यामुळे ढोल मोकळा, डफडं मोकळं. दोघं आपापल्या वाटेनं निघतात. वाटतं आता हरवले, आणि पुढच्या वळणावर एकाच पावलात भेटतात. मला ते आवडत नाही. पण ते घडत होतं.

मग मास्तरांनी पुन्हा हात वर केला आणि सगळं तोडलं. एकदम. शांतता अशी की जीपच्या इंजिनाचा आवाज आला. मास्तर तसेच, हात वर, डोळे मिटलेले. मग पिपाण्यांनी लग्नाचं गाणं सुरू केलं. कोणी नाचलं नाही.

नामदेवाचा चेहरा मी पाहिला. तो रागावला नव्हता. घाबरला होता.

१३ जून

बातमी छापून आली: भव्य मिरवणूक, शेतकऱ्यांत उत्साह. संपादकांचा फोन, चांगली झाली. जाहिरात तिसऱ्या पानावर.

संध्याकाळी मास्तर फाटकात. पेपर हातात. "वसंता, बोंड किती मोठं होतं ते लिहिलं. शटरचं काऊन नाई लिहिलं?"

म्हटलं, जागा नव्हती.

"हाव. बोंडानं खाल्ली."

सुमननं त्यांना चहा दिला. मी सांगितलं नव्हतं.

१५ जून

न्हाणीतून सगळं ऐकू येतं, हा माझा दोष नाही. नामदेव आला होता. वयानं चाळिशीचा, बोलतो हळू, आज हळू नव्हता.

"मास्तर, मधी हात वर काऊन केला?"

"अरे, उसी में तो जान है. पुरा बाजार थांबला नाम्या. मुंबईत लोक जिंदगी घालवतात अशा सन्नाट्यासाठी."

"थो ताल उचलला का विसाव्यापर्यंत न्यावाच लागते. तिथं तिरडी टेकली का मंग थांबाचं. मधी सोडला त जिथी सोडला तिथीच बसून राह्यते. माह्या बापानं मले शिकवला, मी तुमाले शिकवला. हे सांगाचं राहून गेलं. मले काय मालूम, कोणी थांबन म्हणून."

मास्तर हसले. मग तर चांगलंच झालं, ज्याच्या बाटल्या पिऊन माणसं मरतात त्याच्या दुकानावरच बसला, असं काहीसं म्हणाले.

"दुकानावर नाई. उंबरठ्यावर. वर माणसं राह्यतात, म्हातारी हाय. तुमच्या मयतीत वाजवत नाईत म्हणून तुमाले ताल फक्त आवडला. आमाले त्याच्यासंग जगा लागते."

मग कोट ठेवल्याचा आवाज. कोटाला आवाज नसतो, पण सोनेरी बटणांना असतो. नामदेव गेला. त्याच्याबरोबर बाकीचे डफडेवालेही. तालीम बंद. मी आज दुपारी झोपलो.

१९ जून

सदर लिहिलं. विषय मास्तर. नाव घेतलं नाही, गरज नव्हती. ज्याला स्वतःच्या मयतीत ताल नाही त्यानं दुसऱ्याच्या मयतीचा तमाशा करू नये, असा शेवट. संपादकांनी एक शब्द हलवला नाही. सुमननं वाचलं, पेपर घडी करून भाजीच्या टोपलीखाली घातला.

पारावर दिवसभर तेच वाक्य फिरत होतं, पण माझ्या वाक्यात नसलेल्या चार शिव्या लावून. एकानं मला नमस्कार केला आणि म्हणाला, त्या मुसलमानाले बरोबर हाणला भाऊसाहेब. मी मास्तरांना हाणलं होतं. ते वेगळं होतं. समजावत बसलो नाही.

२२ जून

मास्तर भिंतीवरून डोकावले. म्हणाले ढोल फार घुमत होता, आत काहीतरी कोंबायचं होतं. "तुमचं सदर घातलं. आवाज मस्त बसला. पुढल्या आठवड्यात थोडं लांब लिहा, दुसरा ढोल बाकी हाय."

सुमन न्हाणीत जाऊन हसली, म्हणजे तिकडे ऐकू गेलं असणार.

२ जुलै

पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच. पेरलेलं उगवलं नाही. माझ्या वावरातही तेच वाण, प्रभाकरकडचंच. ओळीत हातभर अंतरावर एखादं रोप, तेही मान टाकलेलं. दुकानासमोर गर्दी. पाकिटावरचा क्रमांक दाखवा, पावती दाखवा. कृषी अधिकारी येऊन मातीत काडी खुपसून गेले, अहवाल देतो म्हणाले.

प्रभाकरनं गर्दीला सांगितलं की दुकानासमोर मयत वाजवली त्या दिवसापासून बी उगवलं नाही. इतक्या साध्या गोष्टीवर लोक विश्वास ठेवतात का? ठेवतात. निम्मे तरी ठेवतात. बाकीचे ठेवल्यासारखं करतात, कारण मास्तरांवर चिडणं फुकट आहे आणि दुकानावर चिडलं तर दुबार पेरणीला बी उधार मिळणार नाही.

हंगामातल्या शेवटच्या लग्नाला मलकापूरहून डीजे आणला. मास्तरांचं पथक घरी. पिपाणीवाले दोघं भुसावळकडे कामाला गेले. प्रभाकरचा मुलगा सचिन यानं पारावर जाहीर केलं की पोळ्याला बँड नको. नामदेवानं पहिल्यासारखं यावं, कोट न घालता, आणि मानाच्या बैलापुढे लांबून वाजवावं. नाही तर रोहिणखेडचे डफडेवाले बोलावू.

म्हणजे मास्तरांनी इतकी वर्षं ओढून जी ओळ केली होती, ती मोडायला आता फक्त नामदेवाचा होकार पाहिजे. तो त्यानं अजून दिलेला नाही म्हणे.

१० जुलै

काकू पडल्या. प्रभाकरची आई. जिन्यावर, डावी बाजू गेली. वाचा शाबूत आहे, दुर्दैवानं. भेटायला गेलो तर म्हणाल्या, आला का, पेपरात लिहायले का पाहायले? बुलडाण्याच्या डॉक्टरनं घरीच ठेवा सांगितलं. सुमन रात्री तिथेच राहिली.

१३ जुलै

सुमन आली ती सरळ माझ्यासमोर बसली. काकूंनी डॉक्टरचं औषध घेणं सोडलंय. सारखं एकच, तो ताल आपल्यावर येऊन थांबला आहे. प्रभाकरला म्हणाल्या, सुमन समोर होती:

"अर्धा सोडला थो माह्या उंबऱ्यावर बसला बे, परभ्या. ना मले मरू देते, ना उठू देते. त्यायले बोलाव आन् पुरा करून घे."

प्रभाकर म्हणाला, दुकानासमोर पुन्हा मयत वाजवू? लोक काय म्हणतील? काकू म्हणाल्या, बी नाही उगवलं तेव्हा तूच सांगत होता ना, तालामुळे म्हणून. आता खोटं कसं झालं?

मला म्हातारीचा युक्तिवाद आवडला. तिच्या मुलाला फारसा नाही.

१७ जुलै

प्रभाकरनं मलाच पाठवलं. तो स्वतः मातंग वस्तीत जाणार नाही, आणि मास्तरांच्या दारात तर नाहीच. मी गेलो. कारण काकू, दुसरं काही नाही.

नामदेव डफड्याच्या कडीला कातडं ताणत होता. बाज टाकून दिली, बसा भाऊसाहेब. सगळं सांगितलं. त्यानं कातडं ओढून गाठ मारली. मग म्हणाला, पुरा करा लागतेच, त्यात हो-नाही काही नाही. पण ज्या रस्त्यानं आला त्याच रस्त्यानं न्यावा लागेल. म्हणजे दुकानापासून मारुतीच्या वळणानं, मग विसावा. नाल्याकडून नाही.

तिरडी नेहमी नाल्याकडून जाते. देवळापुढून नाही. हे त्यालाही माहीत आहे, मलाही.

म्हटलं, आणखी?

"ज्यायनं वाजवला ते सगळे पाह्यजेत. मास्तर बी. त्यायच्याच हातानं तुटला. आन् कोट घालून. कोट घालून सोडला, कोट घालूनच न्यावा लागन. आन् मागं कोणीतरी पाह्यजे. मागं माणूस नसला त थो ताल उचलता येत नाई. तिरडी नसली त नसली, पण मागं चालणारा पाह्यजे."

म्हटलं, नामदेव, ही रीत आहे का हट्ट?

"तुम्ही काय लिहसान?"

काही नाही म्हटलं.

"मंग रीत समजा."

१९ जुलै

प्रभाकरनं सगळं कबूल केलं. देवळाचा रस्ता ऐकून तोंड वाकडं झालं, पण आतून काकूंनी हाक मारली. मागे कोण चालणार विचारलं. मीच चालेन म्हणाला, माझीच आई आहे.

२१ जुलै

नामदेव आणि मास्तर तालमीत. महिन्यानंतर. भांडणच जास्त. मास्तरांचा हात थांबायला सवकला आहे. दर थोड्या वेळानं ते जागा सोडतात आणि नामदेव ओरडतो. उभं आयुष्य त्या रिकाम्या जागेवर काढलं, असं मास्तर म्हणाले, मुंबईत तिच्याच टाळ्या मिळायच्या. नामदेव म्हणाला, इथं टाळ्या नाहीत, खांदा बदलतात. खांदा बदलताना ताल सुटला तर तिरडी हलते.

मास्तरांनी काडी खाली ठेवली. मग विचारलं, खांदा बदलताना पाऊल कोणतं?

नामदेवानं चालून दाखवलं असावं. खोलीभर पावलं ऐकू आली. मग तव्यावर काडी, अगदी हळू, पावलाला धरून. मग ढोल. ढोल आज मोकळा सुटला नाही, पावलाखालीच राहिला, तरीही दर वेळी थोडा वेगळा, जसा ओझ्याखालचा माणूस दर पावलाला थोडा वेगळा चालतो. थांबलं नाही. किती वेळ ते मोजलं नाही.

सुमन न्हाणीच्या दारात उभी होती. पाण्याची बादली भरून वाहत होती.

२२ जुलै

काल रात्री सुमन तिच्या माहेराबद्दल, सोनाळ्याबद्दल बोलली. आमच्या घरात तो विषय होत नाही. तिचा भाऊ विठ्ठल गेल्या दिवाळीनंतर गेला. फवारणीचं औषध, त्याच्याच वावरात. शवविच्छेदनानंतर जीपनं आणला आणि सरपंच म्हणाले गावात नेऊ नका, पेपरवाले येतील. पेपरवाला मीच होतो. जीप सरळ मसणात. डफडं नाही, खांदा नाही, घर नाही, विसावा नाही.

ती म्हणाली, बाजारात तो ताल सुरू झाला तेव्हा मला वाटलं आता आणतील त्याला. आणि तेवढ्यात मास्तरांनी तोडला.

म्हटलं, म्हणजे तूही मास्तरांवर चिडलीस. म्हणाली, हो, फार. पण त्यांना मी तसं तोंडावर सांगितलं. तुमच्यासारखं पेपरात नाही.

कधी सांगितलं? चहा दिला तेव्हाच, म्हणाली.

मला ऐकू कसं आलं नाही माहीत नाही.

३ ऑगस्ट

पावसानं मध्ये दोन दिवस दिले, दुबार पेरणी झाली. दुसऱ्या बियाला प्रभाकरनं पुन्हा बाटल्या लावल्या. लोकांनी घेतल्या.

पारावर बैठक. विषय रस्ता. बरं नाही म्हणून प्रभाकर आला नाही. सचिन बोलला: देवळापुढून मयत नेऊ देणार नाही, तीही बिनमुडद्याची, तीही मुसलमानाच्या हातगाडीवर. त्याची स्वतःची आजी पडून आहे याची कोणी आठवण दिली, तर म्हणाला आजी जुन्या वळणाची आहे. कोणीतरी सुचवलं की कोट काढून, नाल्याकडून, एकट्या नामदेवानं उरकावं. सगळ्यांना एकदम पटलं. मग माझ्याकडे पाहिलं. तुम्ही लिहिलंच होतं भाऊसाहेब.

मी म्हटलं, रीत नामदेवाची आहे, त्याला विचारा.

पारावरून कोणीतरी म्हणालं, "त्याले काय इचारता? त्याले सांगाचं असते."

नामदेव तिथेच होता, पाराच्या खाली उभा. वर बसायला कोणी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, तालामध्ये कोणाचं चालत नाही, माझंही नाही. येत्या बुधवारनंतरच्या बुधवारी सकाळी निघू. आणि गेला. पोळ्याच्या वाजवण्याचं विचारलं तर मागे वळूनही पाहिलं नाही.

मास्तरांनी रात्री कोटांना इस्त्री केली. निखाऱ्याचा वास भिंतीवरून येतो.

१२ ऑगस्ट

संपादकांचा फोन. जिल्ह्यात कुठे डफडेवाल्यांचा काही वाद आहे म्हणे, तुमच्याकडेच ना? म्हटलं, गावातली किरकोळ बाब. म्हणाले, तसं असेल तर ठीक. कंपनी पोळ्याला पुरवणी काढतेय, बैलजोडीचे फोटो पाठवा.

काकू आता पाणीही चमच्यानं घेतात. डोळे उघडे. सुमनला विचारतात, बुधवार आला का?

१६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी बाजारगल्लीत गेलो, बातमीसाठी नाही. दुकान बंद. प्रभाकर पहाटेच्या गाडीनं बुलडाण्याला गेल्याचं किसनानं सांगितलं. कंपनीची बैठक. वर खिडकीत काकूंची खाट ओढून ठेवली होती.

पथक उभं होतं. मास्तर, नामदेव, तिघं डफडेवाले, भुसावळहून परतलेला एक पिपाणीवाला, त्याला आज काही वाजवायचं नव्हतं तरी आला. सगळे लाल कोटांत, एका ओळीत. मागे कोणी नाही.

मास्तर म्हणाले, चला नाम्या, सुरू करू. नामदेव म्हणाला, मागं कोण हाय?

गल्लीत माणसं पुष्कळ, ओट्यांवर, दारांत. कोणी खाली उतरलं नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. चेष्टासुद्धा केली नाही, ती केली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मला मजकूर द्यायचा आहे. आणि घरी आलो.

कागद घेऊन बसलो. पोळ्याच्या पुरवणीसाठी बैलांच्या सजावटीवर काहीतरी. दोन ओळी झाल्या. सुमनला चहाला हाक मारली, उत्तर नाही. न्हाणीत नाही, मागच्या दारी नाही. तिची बाहेरची चप्पल नाही.

मग ताल उचलला गेला.

खिडकीतून कळतं तेवढंच: गल्लीतून निघाला, हळू, नामदेवाचं डफडं, खाली तवा, त्याखाली ढोल. शटरं ओढल्याचा आवाज आला, सगळी की थोडी, सांगता येत नाही. मग मारुतीच्या वळणाच्या अलीकडे पोरांचा कालवा. सचिनचा आवाज ओळखला. ट्रॅक्टर आडवा लावल्याचं शेजारचा पोरगा ओरडत सांगून गेला. आणि म्हणाला, सुमनकाकी त्यायच्या मागं हाय, डोक्यावर पदर घेऊन, एकटी.

मला वाटलं आता थांबेल. थांबवताच येत नाही, हे विसरलो होतो. पुढे जाता येत नाही आणि थांबता येत नाही. ते उभ्या जागी वाजवताहेत. आवाज लांब जात नाही, जवळ येत नाही. मास्तरांचा ढोल दर पावलाला वेगळा, पाऊल न टाकता.

संपादकांचा फोन येऊन गेला. पुरवणी किती वाजता? म्हटलं, थोडा वेळ द्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. त्यांनी विचारलं, हा मागे कसला आवाज?

अजून वाजतंय. शर्ट बदलला आहे. चप्पल घातली आहे. दारात बसून हे लिहितोय, बाकीचं आल्यावर